जाळीआडचे किरण

दुरुस्तीला मायक्रोवेव्ह ओव्हन घेऊन आलेलं गिऱ्हाईक काय बिघडलंय ते आधी सांगत नाही. आधी विचारतं, "सारू, ह्यातून रेडिएशन तर येत नाही ना?" ओव्हन बंद पडलेला असतो, वायर गुंडाळून वर ठेवलेली असते, तरी माणूस त्याच्यापासून दोन हात लांब उभा. आणि त्याच्याच घरात, हाच ओव्हन चालू असताना, पोरं दाराला नाक लावून मक्याचे दाणे फुटताना बघत असतात.

प्रश्न चुकीचा नाही. रेडिएशन येतं का? पेटीच्या आत येतं, भरपूर येतं, त्यासाठीच तर पैसे मोजले. बाहेर येतं का, आलं तर किती, आणि त्यानं काय होतं, हे तीन वेगळे प्रश्न आहेत. दुकानात गर्दी असताना तिन्हींची उत्तरं नीट देता येत नाहीत. इथं देतो.

मी बेल्लमपल्लीचा. बल्लारशाह-काझीपेठ रेल्वेमार्गावरचं हे कोळशाचं गाव. पूर्वी आदिलाबाद जिल्ह्यात होतं, २०१६च्या ऑक्टोबरात तेलंगणानं जिल्हे फोडले तेव्हा मंचेरियालमध्ये गेलं. आमचे आजोबा राजुऱ्याकडून इथं खाणीत आले. राजुरा तालुका तेव्हा निजामाच्या आदिलाबाद जिल्ह्यातच होता, त्यामुळे त्यांच्या लेखी ते परमुलखात आलेच नव्हते. मी सिंगरेणीत इलेक्ट्रिशियन होतो, शांतिखनीत बरीच वर्षं जमिनीखाली काढली. निवृत्त झाल्यावर स्टेशनच्या बाजूला मिक्सर, पंखे, ओव्हन दुरुस्तीचं दुकान टाकलं. घरात मराठी, दुकानात तेलुगू, आणि भांडण झालं तर दखनी.

या गावाला रेडिएशन नवं नाही. आमच्या लहानपणी कॉलनीत घरोघर कोळसा जळायचा. तेलुगू शेजारी त्या शेगडीला 'बोग्गुल पोय्यी' म्हणायचे. संध्याकाळी सगळी गल्ली धुरानं भरून जायची. धूर सरला, निखारे लाल झाले, की आई तव्यावरची भाकरी काढून निखाऱ्यांसमोर उभी करायची. भाकरी निखाऱ्याला टेकलेली नसायची. मधली गरम हवा वर निघून जायची, भाकरीकडे येत नव्हती. तरी भाकरी टम्म फुगायची आणि तिच्या तोंडावर तांबूस ठिपके उठायचे. ते काम निखाऱ्यातून सुटणाऱ्या अवरक्त किरणांचं. तापलेली प्रत्येक वस्तू असे किरण सोडते, जितकी जास्त तापलेली तितके जास्त. बेकरीची भट्टी, तंदूर, केकसाठी घेतात तो लाल कॉइलचा ओव्हन, टोस्टर, सगळीकडे गरम हवेच्या आणि गरम पत्र्याच्या जोडीला हेच किरण शिजवण्याचं काम करतात. कुणी आईला कधी म्हणालं नाही की भाकरीला रेडिएशन लागलं.

त्या शेगडीनं माणसं मारली, पण किरणांनी नाही. थंडीत शेगडी खोलीत घेऊन दार-खिडकी लावून झोपलेली माणसं सकाळी उठायची नाहीत. अर्धवट जळालेल्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड निघतो, त्याला वास नाही, रंग नाही. खाणीत याच वायूची धास्ती असते. हे मुद्दाम सांगतो, कारण ओव्हनच्या बाबतीतही तसंच आहे. माणसं घाबरतात एका गोष्टीला आणि मार बसतो दुसऱ्याच गोष्टीचा.

आता मायक्रोवेव्ह. या लहरी प्रकाशाच्याच कुळातल्या, फक्त लांबीला मोठ्या. घरगुती ओव्हनमधली लहर साधारण १२.२ सेंटिमीटर लांब असते, चार बोटं आणि अंगठा मिळून जेवढी रुंदी होते त्याहून थोडी जास्त. ती सेकंदाला २४५ कोटी वेळा दिशा बदलून परत येते. ओव्हनच्या पाठीमागच्या पट्टीवर '२४५० मेगाहर्ट्झ' लिहिलेलं असतं ते हेच. याहून आखूड, मिलिमीटरांत मोजायच्या लहरी कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात जगदीशचंद्र बोसांनी १८९५च्या सुमाराला तयार केल्या होत्या आणि त्यांच्या जोरावर भिंतीपलीकडची घंटा वाजवून दाखवली होती. स्वयंपाकाचा विचार तेव्हा कुणाच्या डोक्यात नव्हता.

तो आला लढाईतून. फेब्रुवारी १९४०मध्ये बर्मिंगहॅम विद्यापीठात जॉन रँडल आणि हॅरी बूट या दोघांनी एक नळी चालवून दाखवली. तांब्याच्या जाड ठोकळ्यात गोल पोकळ्या कोरलेल्या, मधोमध तापणारी दांडी, बाजूला चुंबक. हाच मॅग्नेट्रॉन. शत्रूची विमानं हेरणाऱ्या रडारसाठी लहान लांबीच्या जोरकस लहरी हव्या होत्या, त्या यातून निघाल्या. त्याच वर्षी ब्रिटिशांनी तो एका पेटीत घालून अमेरिकेला नेला. तिथं रेथिऑन कंपनीत पर्सी स्पेन्सर नावाचा इंजिनीयर होता. १९४५च्या सुमाराला चालू मॅग्नेट्रॉनजवळ उभा असताना त्याच्या खिशातली खाऊची वडी वितळली. त्यानं मक्याचे दाणे आणून फोडून पाहिले आणि पेटंटाचा अर्ज टाकला. १९४७मध्ये पहिला ओव्हन बाजारात आला तो माणसाच्या उंचीचा आणि सुमारे ३४० किलो वजनाचा होता. ओट्यावर मावेल असा, ४९५ डॉलरचा, १९६७मध्ये अमाना कंपनीनं काढला. पुढं तो आपल्याकडे आला, आणि आता बेल्लमपल्लीत पोरीच्या लग्नात रुखवतावर मांडला जातो.

मॅग्नेट्रॉन मी बाकावर उघडून ठेवलेला आहे. मुठीएवढा, भोवती ॲल्युमिनियमच्या पात्या, दोन कडीसारखी चुंबकं. त्यातून लहर निघते, पत्र्याच्या एका बोळातून खाण्याच्या कप्प्यात शिरते. कप्प्यात उजव्या हाताला भिंतीवर जो पुठ्ठ्यासारखा तुकडा असतो तो त्या बोळाचा पडदा, अभ्रकाचा. गृहिणी तो पुठ्ठा समजून काढून फेकतात. त्यावर तेल-मसाला उडून बसला, पुसला नाही, की तो करपतो आणि मग आत ठिणग्या उडतात. माझ्याकडे सगळ्यात जास्त येणारा बिघाड हाच. अभ्रकाचा नवा तुकडा कापून बसवला की काम झालं. लोक समजतात स्फोट होणार होता.

आत अन्नाचं काय होतं? पाण्याच्या रेणूचं एक टोक विजेच्या दृष्टीनं थोडं धन, दुसरं थोडं ऋण. लहरीचं विद्युत क्षेत्र सेकंदाला कोट्यवधी वेळा उलटसुलट होतं आणि रेणू त्याच्याबरोबर वळायला बघतो. शेजारचे रेणू त्याला नीट वळू देत नाहीत. या रेटारेटीत लहरीची शक्ती उष्णता होऊन अन्नात उतरते. मीठ विरघळलेलं असेल तर त्याचे विद्युतभारित कणही मागंपुढं हलतात आणि तापवतात. तेल आणि साखरही तापतात, पाण्याच्या मानानं कमी. काच, चिनी माती यांतून लहर बरीचशी आरपार जाते, म्हणून बशी अन्नामुळे तापते, लहरीमुळे फारशी नाही.

बर्फात रेणू जागच्या जागी जखडलेले असतात, त्यामुळे बर्फ या लहरी फार कमी शोषतो. फ्रीझरमधलं मटण ओव्हनमध्ये घातलं की कडेला जिथं जरा पाणी सुटलं तिथंच सगळी शक्ती जाते. कड शिजते, आत दगड. 'डिफ्रॉस्ट'चं बटण लहर थांबून थांबून सोडतं ते यासाठीच, मधल्या वेळात कडेची उष्णता आत झिरपावी म्हणून.

२४५ कोटी हा आकडा पाण्याचा काही खास 'सूर' आहे असं कुठं कुठं लिहिलेलं असतं. तसं नाही. पाणी याहून कितीतरी वरच्या आकड्याला जास्त शोषतं. पण लहर फारच शोषली गेली तर वरची साय तेवढी तापेल, आत काहीच पोचणार नाही. कारखान्यांतले मोठे ओव्हन ९१५ मेगाहर्ट्झवरही चालतात आणि तिथंही अन्न तापतंच. ओव्हन अन्न आतून बाहेर शिजवतो, हाही गैरसमज. लहर अन्नात साधारण एक ते तीन सेंटिमीटर जाता जाता विरते. त्यापुढचा गाभा नेहमीसारखा बाहेरच्या उष्णतेनं तापतो. म्हणून पातेलंभर भाजी असेल तर मध्येच काढून ढवळायची आणि शेवटी दोन मिनिटं झाकून ठेवायची.

आता दार.

खाणीत आम्ही वायू तपासायला सेफ्टी लॅम्प वापरायचो. १८१५मध्ये हम्फ्री डेव्हीनं काढलेला तो दिवा. ज्योत उघडीच, पण भोवती तारेची बारीक जाळी, इंचाला २८ घरांची. बाहेर मिथेन असला तरी आतली ज्योत जाळी ओलांडून बाहेर पडत नाही. ओव्हनच्या दारातल्या काचेमागं काळी भोकाभोकांची जाळी पाहिली तेव्हा मला तो दिवा आठवला. कारण मात्र वेगळं आहे. दिव्याची जाळी ज्योतीची उष्णता पिऊन तिला विझवते. ओव्हनची जाळी काही पीत नाही, लहरीला परत फिरवते. भोक एक-दीड मिलिमीटरचं, लहर बारा सेंटिमीटरची. एवढी लांब लहर एवढ्या भोकातून पलीकडे जाऊ शकत नाही, तिच्या दृष्टीनं जाळी म्हणजे सलग पत्राच. उजेडाची लहर मिलिमीटराच्या हजाराव्या भागाहूनही आखूड, ती खुशाल बाहेर येते. म्हणून आत फिरणारी बशी दिसते आणि ती तापवणारी लहर आतच राहते.

पण दाराच्या कडेला फट असतेच. केसाएवढीसुद्धा फट नको म्हटलं तर रबर लावून घट्ट दाबावं लागेल, आणि ते रबर महिन्यात झिजेल. म्हणून कारागिरांनी फट बुजवण्याऐवजी फटीचं गणित मांडलं. दाराच्या प्लास्टिकच्या चौकटीमागं पत्र्यात एक खाच असते, लहरीच्या चौथाईएवढी, म्हणजे जवळजवळ तीन सेंटिमीटर. फटीत शिरलेली लहर त्या खाचेत जाऊन उलटी परत येते आणि आपल्याच येणाऱ्या भागाला मारते. फट उघडी असून बंद असल्यासारखी वागते. मला या ओव्हनमध्ये सगळ्यात जास्त आवडते ती ही खाच. गिऱ्हाइकाला दाखवायला जातो, त्याला घाई असते.

आणि दाराला स्विच असतात, सहसा तीन. दार उघडायला खटका दाबला की दार हलायच्या आधीच दोन स्विच वीज तोडतात. ते दोन्ही चिकटून बसले, तर तिसरा जाणूनबुजून शॉर्ट करून फ्यूज उडवतो. मॅग्नेट्रॉनची वीज तुटली की लहर निघायची थांबते, आणि कप्प्यात आधी असलेली लहर सेकंदाच्या लाखाव्या भागाच्या आत अन्नात आणि भिंतींत जिरून जाते. दार उघडेपर्यंत आत काही उरलेलं नसतं. भातात तर नाहीच. भातात उरते ती उष्णता.

तरी किती गळतं? अमेरिकेचा नियम आहे, ओव्हनच्या पृष्ठभागापासून पाच सेंटिमीटरवर, ओव्हन कितीही जुना झाला तरी, चौरस सेंटिमीटरला पाच मिलिवॅटच्या वर गळती नको. नवा विकताना एकच मिलिवॅट. आंतरराष्ट्रीय मानकातही हाच पाचाचा आकडा आहे, चौरस मीटरला ५० वॅट असा लिहिलेला. वैशाखातल्या भर दुपारी बेल्लमपल्लीच्या रस्त्यावर सूर्य अंगाच्या चौरस सेंटिमीटरवर सुमारे शंभर मिलिवॅट ओततो. आणि गळती अंतराबरोबर झपाट्यानं उतरते. पाच सेंटिमीटरवर जे असेल ते हातभर अंतरावर शंभराव्या हिश्शाच्या आसपास.

माझ्याकडे गळती मोजायचा छोटा मीटर आहे, प्रयोगशाळेचा नाही, पण चांगल्या-वाईटातला फरक सांगतो. दार धड असेल तर काटा एकच्या खालीच राहतो. सून गरोदर होती तेव्हा तिच्या आईनं चंद्रपूरहून फोनवर बजावलं होतं की ओव्हन लावला तर स्वयंपाकघरात थांबायचं नाही. तिनं एक दिवस विचारलंच, "मामाजी, खरं काय ते सांगा, मी रोज दूध गरम करून पळते."

मी मीटर काढला, तिच्याच हातात दिला आणि ओव्हन लावला. दाराच्या चारही बाजूंनी फिरवायला सांगितलं.

"काटा हलतोय," ती म्हणाली.

"किती?"

"पहिल्या रेघेच्याही आत आहे."

"आता दोन पावलं मागं ये."

काटा पडून राहिला. ती पळायची थांबली. तिच्या आईला हे कसं सांगायचं ते तिचं तिनं बघितलं.

किती गळतं याच्याइतकंच, गळणारं कोणत्या जातीचं हेही बघायचं. किरण शक्तीच्या बारीक पुड्या घेऊन येतात, शास्त्रज्ञ त्यांना फोटॉन म्हणतात. रेणूतून इलेक्ट्रॉन उडवून लावायचा, शरीरातल्या पेशींची जनुकं मोडायची, तर एकेका पुडीत ठरावीक ताकद लागते. क्ष-किरणाच्या पुडीत ती असते, किरणोत्सारी पदार्थाच्या गॅमा किरणात असते. मायक्रोवेव्हच्या पुडीत असतो त्या लागणाऱ्या ताकदीचा सुमारे दहा लाखावा भाग. हजार पुड्या एकदम आल्या म्हणून त्या एकत्र होऊन मोठी पुडी होत नाही. त्या फक्त जास्त तापवतात. लाल निखाऱ्यातून येणारी किरणांची पुडी मायक्रोवेव्हच्या पुडीपेक्षा जवळजवळ पन्नास हजार पट मोठी असते. आमच्या आईची भाकरी या हिशेबानं जास्त जहाल किरणांवर फुगलेली. तापणं मात्र खोटं नाही. उघड्या दारातून मॅग्नेट्रॉन चालवला तर हात भाजेल, डोळ्याच्या भिंगाला रक्ताचा पुरवठा नसल्यानं ते लवकर इजा पावेल. गळतीची मर्यादा ते भाजणं टाळण्यासाठी घातलेली आहे.

आमच्या भागात रेडिएशन म्हटलं की लोकांना आठवतं सेवाग्राम. वर्ध्याच्या त्या दवाखान्यात इकडून गाडीनं पुष्कळ माणसं कर्करोगाच्या उपचारांना जातात. "भावाचं रेडिएशन चालू आहे," असं सांगणारा माणूस ओव्हनकडे संशयानं बघणारच. गंमत अशी की नातं आहेच. मुंबईत पवईच्या आयआयटीच्या आवारात 'समीर' नावाची सरकारी संस्था आहे, १९८४मध्ये स्थापन झालेली, मायक्रोवेव्हवरच काम करणारी. तिनं कर्करोगावर किरण देणारी देशी यंत्रं, लिनिअर ॲक्सिलरेटर, तयार केली आणि त्यातलं एक सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेत बसवलं. त्या यंत्राच्या पोटातही मॅग्नेट्रॉन असतो, ओव्हनमधल्यापेक्षा हजारो पट दांडगा, सेकंदाला सुमारे ३०० कोटी फेऱ्यांचा. पण रोग्याच्या अंगावर पडतात ते त्याच्या लहरी नव्हेत. त्या लहरी इलेक्ट्रॉनांना पळवतात, प्रचंड वेगानं ते धातूवर आदळतात, आणि त्या धडकेतून क्ष-किरण निघतात. पेशी मारतात ते क्ष-किरण. ओव्हनमध्ये मॅग्नेट्रॉनच्या पुढं फक्त ताट असतं, सगळा फरक तिथंच पडतो.

दोन अफवा इथंच उरकतो. रशियानं १९७६मध्ये मायक्रोवेव्ह ओव्हनवर बंदी घातली होती, असा एक निरोप मोबाइलवर फिरत असतो. अशी बंदी नव्हती, तिथल्या कारखान्यांत हे ओव्हन बनत होते. दुसरी, मोबाइल ओव्हनमध्ये ठेवायचा, दार लावायचं, त्यावर फोन करायचा, वाजला तर ओव्हन गळका. मोबाइलला लागणारा संदेश इतका क्षीण असतो की वॅटाच्या अब्जाव्या भागावरही तो वाजतो, आणि दाराची ती खाच मोबाइलच्या आकड्यांसाठी कापलेलीच नाही. फोन वाजतो, ओव्हन ठीक असतो. भीती एवढीच की कुणीतरी फोन आत विसरतं आणि दूध समजून बटण दाबतं. तसा एक फोन मी पाहिलाय.

गळती अगदी थोडी असली तरी ती बघणारे डोळे असतात, हेही खरं. ऑस्ट्रेलियातल्या पार्क्स दुर्बिणीला वर्षानुवर्षं अधूनमधून एक गूढ संदेश यायचा. २०१५मध्ये उलगडा झाला. तिथले लोक जेवण तापवताना वेळ संपायच्या आधीच ओव्हनचं दार ओढायचे, आणि मॅग्नेट्रॉन बंद होता होता जी चुणूक सुटायची ती दुर्बीण पकडायची. आपल्या नारायणगावजवळच्या खोडदच्या महाकाय रेडिओ दुर्बिणीभोवती मोबाइल-मनोऱ्यांची चिंता का करतात, ते यावरून कळेल. घरातलं वाय-फायही बऱ्याचदा २४० कोटींच्या आसपासच चालतं, म्हणून ओव्हन लावला की कधी कधी व्हिडिओ अडखळतो.

मग मार कुठं बसतो?

पहिली जागा ओव्हनच्या पाठीत. आत ट्रान्सफॉर्मर दोन हजार व्होल्ट करतो, कपॅसिटर आणि डायोड मिळून ते चार हजारांच्या घरात नेतात. आमच्या खाणीत ३३०० व्होल्टच्या केबलला हात लावायचा तर आधी वीज तोडून, कुलूप घालून, परमिट घ्यावं लागायचं. घरातल्या ओव्हनमध्ये त्याहून जास्त दाब असतो आणि त्याच्यावर असतात चार स्क्रू. वायर काढली तरी कपॅसिटर भरलेला राहू शकतो, तो जीव घेऊ शकतो. यूट्यूब बघून ओव्हन उघडणाऱ्या पोरांना मी एवढंच सांगतो की पंखा उघडा, मिक्सर उघडा, हे नको.

दुसरी जागा कपात. गुळगुळीत काचेच्या पेल्यात नुसतं पाणी जास्त वेळ ठेवलं तर ते शंभर अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही, बुडबुडा सुरू व्हायला खरखरीत जागाच सापडत नाही. बाहेर काढून चहाची पुडी टाकली की सगळं एकदम उसळून हातावर येतं. आत लाकडी चमचा किंवा काडी ठेवा आणि गरजेपेक्षा जास्त वेळ देऊ नका. वेळेचा हिशेब सोपा आहे. ८०० वॅटच्या ओव्हनला कपभर, म्हणजे २०० मिलिलिटर पाणी चहाच्या कढापर्यंत न्यायला सव्वा ते दीड मिनिट पुरतं. कवचातलं अंडं फुटतं, सोललेलं उकडलेलं अंडंसुद्धा दातांखाली फुटू शकतं. बाळाची दुधाची बाटली यात तापवू नका. बाटली कोमट लागते आणि मधलं दूध पोळतं.

तिसरी जागा अर्धवट तापलेलं अन्न. रात्रीचा भात ओट्यावरच राहिला असेल तर त्यात जंतूंनी सोडलेलं विष दुसऱ्या दिवशीच्या तापवण्यानं जातंच असं नाही. भात लवकर फ्रिजमध्ये, आणि तापवताना वाफ सगळीकडून येईपर्यंत.

अन्न सगळीकडे सारखं का तापत नाही ते बघायचं असेल तर पापड आणा. कप्प्यात भिंतींवरून परतणाऱ्या लहरी एकमेकींत मिसळून काही ठिकाणी जोर धरतात, काही ठिकाणी शून्य होतात. बशी फिरते ती यासाठीच. फिरणारी काच आणि तिच्या खालचं चाक काढा. एका सपाट मोठ्या ताटलीत, स्टीलच्या नव्हे, कच्चे उडदाचे पापड कडेला कड लावून पसरा आणि वीस-तीस सेकंद ओव्हन लावा, त्याहून जास्त नको. पापड ठिकठिकाणी फुलतील, मधे कच्चे राहतील. दोन शेजारच्या फुललेल्या ठिपक्यांच्या मध्यापासून मध्यापर्यंत पट्टीनं मोजा. सहा सेंटिमीटरच्या जरा वर येईल. ही लहरीची निम्मी लांबी. ६.१ ची दुप्पट १२.२, त्याला पाठीमागच्या पट्टीवरच्या २४५ कोटींनी गुणा आणि सेंटिमीटरांचे मीटर करा. सेकंदाला २९ कोटी ८९ लाख मीटर. प्रकाशाचा वेग, स्वयंपाकघरात, पापडावर. ठिपके नेहमी इतके शहाण्यासारखे पडत नाहीत, ओव्हनच्या आकारावर आणि बशीच्या उंचीवर असतं, पण दोन-तीन पापडांत जमतं. उरलेले कच्चे भाग गॅसवर भाजून घ्या.

स्टीलच्या डब्याबद्दल रोज विचारतात. ओव्हनच्या भिंतीसुद्धा पत्र्याच्याच आहेत, धातू म्हणजे विष नव्हे. डब्यात लहर शिरत नाही म्हणून अन्न तापत नाही, आणि डब्याची कड भिंतीजवळ आली की ठिणगी पडते. सोनेरी काठाच्या बशा, चांदीचा वर्ख लावलेली मिठाई, फॉइल, यांचंही तेच. मेलामाइनच्या ताटल्या नकोत, त्या स्वतःच तापतात. पोळी यात चिवट होते, भाकरीचं तर नाव काढू नका. शेंगदाणे भाजता येतात, पण दर मिनिटाला हलवून, कारण दाणा बाहेरून कच्चा दिसतो आणि आत करपतो. रिकामा ओव्हन चालवू नका. शोषायला काही नसलं की लहर मॅग्नेट्रॉनवरच परत जाते.

दाराची काळजी घ्या, कारण सगळी राखण तिथं आहे. दाराच्या कडेला चिकटलेला सांबार रोज पुसा. ओव्हनच्या उघड्या दारावर टेकू नका, पोरांना लोंबकळू देऊ नका. बिजागरी ढिली झाली, पत्रा वाकला, काच तडकली, खटका न दाबताही दार उघडायला लागलं, तर ओव्हन चालवायचा नाही, दुरुस्तीला टाकायचा. एका गिऱ्हाइकाच्या घरी स्विच खराब झाला म्हणून कुणीतरी तार जोडून तो कायमचा चालू ठेवला होता. तो ओव्हन मी स्विच बदलल्याशिवाय परत दिला नाही, आणि बिलावरून आमचं बोलणं झालं.

जुना झालेला ओव्हन भंगारात जातो. इथले भंगारवाले ट्रान्सफॉर्मरच्या तांब्यासाठी तो हातोड्यानं फोडतात, मॅग्नेट्रॉनची चुंबकं पोरं खेळायला नेतात. मॅग्नेट्रॉनमधला फिकट रंगाचा चिनी मातीसारखा भाग फोडू देऊ नका. काही नळ्यांत तो बेरिलियम ऑक्साइडचा असतो आणि त्याची पूड फुफ्फुसात गेली तर होणारी इजा बरी होत नाही. आमच्या गावात कोळशाच्या धुळीनं फुफ्फुसं गेलेली माणसं कमी नाहीत. भंगारवाल्याला देण्याआधी ओव्हन माझ्याकडे आणा. कपॅसिटर रिकामा करून, मॅग्नेट्रॉन बाजूला काढून देतो. त्याचे पैसे घेत नाही.